सेन्सर बदलण्यापूर्वी : वरळी कोळीवाड्यातील भाच्यास पत्र



मोटारीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, कोड वाचणाऱ्या यंत्राने ऑक्सिजन सेन्सरचे नाव दाखवले आणि तेवढ्यावरून नवा सेन्सर आणून रविवारी स्वतःच बसवण्याचे ठरले, तर त्या बेतातील अर्धा भाग योग्य आणि अर्धा घाईचा आहे. योग्य अशासाठी की हे काम पाना धरता येणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले आहे. घाईचा अशासाठी की सेन्सर हा इंजिनाच्या कारभाराचा साक्षीदार असतो, आणि वाईट बातमी सांगणारा साक्षीदार स्वतःच खोटा असेल असे गृहीत धरून पैसे खर्च करणे बरे नव्हे.

कोळीवाड्यात वाढलेल्या मुलास या भागाचे काम समजण्यास होडीचे इंजिन आठवावे. जाणता तांडेल डिझेलचा धूर पाहून इंजिनाची तब्येत ओळखतो, कारण काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. निकोप पेट्रोल इंजिनाच्या धुरात मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यामुळे तेथे तांडेलाची जागा सेन्सरने घेतलेली असते. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असून तिच्या दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. टोपीच्या आत बाहेरची हवा आणि बाहेरून सायलेन्सरकडे जाणारा धूर, अशी ही रचना आहे. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे तिच्यात विजेचा अल्पसा दाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त असेल तर धुरात ऑक्सिजन उरत नाही, तफावत वाढते आणि दाब ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत जातो. हवा जास्त असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. ही तफावत आणि विजेचा दाब यांचे नाते सांगणारे समीकरण जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले होते. मोटारीत ते बॉश कंपनीच्या सेन्सरच्या रूपाने प्रथम १९७६ मध्ये, व्होल्वोच्या गाड्यांत आले.

एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळले तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा धुराच्या नळीतील डबा, नीट काम करतो, आणि म्हणून इंजिनाचा संगणक सेन्सरचे ऐकून क्षणाक्षणाला पेट्रोल कमीजास्त करत राहतो. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा १९९५ मध्ये सक्तीचा झाला आणि शिसेयुक्त पेट्रोल देशभर २००० मध्ये बंद झाले. या दोन गोष्टींचे नाते असे की शिसे डब्यातील आणि सेन्सरवरील प्लॅटिनम दोन्ही निकामी करते. त्याआधीच्या कार्बोरेटरच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मिस्त्री कानाने आवाज ऐकून स्क्रू फिरवत असे, आणि ती विद्या अगदीच टाकाऊ होती असे म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. वरळीच्या टोकावर, किल्ल्यापाशी एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला माहीमचा उपसागर असल्याने खारे वारे मोटारीला बाराही महिने सोडत नाहीत, आणि खाऱ्या वाऱ्याचा पहिला घाव सेन्सरपेक्षा त्याच्या वायरींच्या कपलरवर बसण्याचा संभव जास्त असतो. म्हणून कोड नीट वाचावा. पी-०१३५ याचा अर्थ पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या मंडलात दोष, एवढाच आहे; तो दोष जळालेल्या फ्यूजमध्ये किंवा हिरवट पडलेल्या कपलरच्या पिनांमध्येही असू शकतो. कपलर सोडवून हीटरच्या, बहुधा एकाच रंगाच्या, दोन वायरींमधला रोध मल्टिमीटरने मोजावा : थोडे ओहम आले तर हीटर शाबूत आहे, मीटरने जोडणीच नसल्याचे दाखवले तर तो तुटला आहे. पी-०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, हा कोड आल्यास सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो आणि चूक फाटलेल्या हवेच्या नळीत, मंदावलेल्या पेट्रोल पंपात किंवा हवेच्या मॅनिफोल्डच्या फटीत शोधावी लागते. गाडीला सीएनजीचे किट असेल, तर ती आधी केवळ पेट्रोलवर चालवून पाहावी. दोष गॅसवरच दिसत असेल, तर चौकशी किटची करावी. इंजिन गरम असताना पुढच्या सेन्सरचा आकडा सतत वरखाली झुलत असेल, तर तो जिवंत आहे. एकाच आकड्यावर अडला असेल, तर संशय रास्त ठरतो. कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर मात्र स्थिर असणेच चांगले. पाच किंवा सहा वायरींच्या नव्या जातीच्या सेन्सरला येथले आकडे लागू पडत नाहीत, हेही ध्यानात असावे.

एवढे करूनही सेन्सरच दोषी ठरला, तर गाडीच्या नेमक्या मॉडेलचा नवा भाग घ्यावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, आणि दार किंवा आरसा तेथून आणण्यात गैर काही नाही, पण सेन्सर वापराने म्हातारा होतो, त्यामुळे जुना आणणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे होय. वायरी कापून जोडाव्या लागणारा सेन्सर टाळावा. घ्यावाच लागला तर जोड डाग देऊन करू नये आणि कपलरमध्ये ग्रीस भरू नये, कारण अनेक सेन्सरांना आतली हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच मिळते.

कोळीवाड्याच्या गल्ल्यांत मोटार शिरत नसल्याने काम रस्त्याकडेला, सपाट जागी आणि उजेडी करावे. अनेक छोट्या गाड्यांत पुढचा सेन्सर बोनेट उघडताच धुराच्या मॅनिफोल्डवर दिसतो, मग गाडी उचलण्याचा प्रश्नच येत नाही. मागच्यासाठी खाली जावे लागल्यास केवळ जॅकच्या भरवशावर अंग गाडीखाली घालू नये; घोडी लावावी आणि चाकांना दगड द्यावेत. आदल्या संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, कारण खाऱ्या हवेत आटे घट्ट धरतात. इंजिन कोमट असताना, हातमोजे घालून, कपलर सोडवून, २२ नंबरच्या रिंग पान्याने किंवा वायरीसाठी फट असलेल्या गोटी पान्याने सेन्सर सोडवावा. हलकेच घट्ट-सैल करत जावे. ऐकतच नसेल तर जोर लावून आटे मोडण्यापेक्षा गॅरेजमध्ये गरम करून काढवून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

नव्याच्या टोकाला बोट, तेल किंवा सिलिकॉनचे सीलंट लागू देऊ नये; सिलिकॉन त्याला विषासमान आहे. आट्यांवर गंजरोधक लेप कारखान्यातूनच लावलेला असेल तर आणखी लावू नये, नसेल तर केवळ आट्यांवर, थोडाच लावावा. हाताने फिरवून आटे सरळ धरल्याची खात्री करावी, मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, जो साधारणपणे ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो, आवळावा. वायर मूळच्या क्लिपांत अडकवावी, म्हणजे ती तापल्या नळीला टेकणार नाही.

कोड पुसून इंजिन मोकळ्या हवेत सुरू करावे आणि तापल्यावर आकडा झुलतो का ते पाहावे. दिवा पुन्हा लागल्यास त्याच कोडने लागला की दुसऱ्या, हे तारखेसह वहीत टिपून ठेवावे आणि काढलेला जुना सेन्सर, टोकावरची काजळी न पुसता, मामास दाखवण्यासाठी जपून ठेवावा.

कळावे.

मामा