पेन ड्राइव्हला कुंकू लावावे का?

प्रश्न : घरात लग्नाच्या सीड्या, एक हार्ड डिस्क आणि दोन-तीन पेन ड्राइव्ह आहेत. पावसाळ्यात कपाटात सगळ्यालाच बुरी येते. पत्नी म्हणते डांबरगोळ्या टाका, मुलगा म्हणतो तांदळात ठेवा आणि आई दसऱ्याला सगळ्यांची पूजा करते. कोणाचे ऐकू?
– एक वाचक, किन्हवली (ता. शहापूर)

उत्तर : आधी आईंचे ऐका. पूजा जरूर करा, फक्त कुंकू टोपणाला लावा. उघड्या तोंडावर फुलाने पाणी शिंपडले की ओले कुंकू आतल्या सोनेरी पट्ट्यांवर बसते. पेन ड्राइव्ह तसाच संगणकाला जोडलात तर दोघांचेही नुकसान. हार्ड डिस्क मात्र चौरंगावर मांडण्यापूर्वी बंद करा. चालू असताना तिच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड! तेव्हा चालू डिस्कशेजारी नारळ फोडू नका.

तांदळात ठेवू नका. तांदळाची भुकटी पेन ड्राइव्हच्या तोंडात जाते, आणि तांदूळ हवेतली ओल फारशी ओढतही नाही. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि दर पावसाळ्याआधी बदला. तानसा आणि भातसा ही धरणे तुमच्याच तालुक्यात आहेत. तिथे जुलैत उघडे कपाट कोरडे राहील, ही आशाच सोडा. डांबरगोळ्या साड्यांनाच राहू द्या. सीडीच्या पारदर्शक डब्या बहुधा पॉलिस्टायरिनच्या असतात आणि ते प्लास्टिक नॅप्थलीनच्या वाफेने खराब होऊ शकते.

बुरीची भीती मात्र रास्त आहे. मध्य अमेरिकेतल्या दमट बेलीझमध्ये एका सीडीतले ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक बुरशीने पोखरल्याचे स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवले होते. सीडी पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ फिरवा, गोल गोल नाही. आणि जपायची ती नावाची बाजू! चकचकीत बाजूला प्लास्टिकचा जाड थर असतो, तिथला ओरखडा पुष्कळदा निभावतो. नावाच्या बाजूला मात्र पातळ लेपाखाली लगेच माहितीचा थर असतो. तिथे बॉलपेनने ‘हळदी समारंभ’ असे दाबून लिहिले की हळदच पुसली जायची.

सातबारा छापायला झेरॉक्सच्या दुकानात जाल तेव्हा फक्त सातबाऱ्याची फाइल असलेला पेन ड्राइव्ह न्या. लग्नाचे फोटो असलेला कधीच नेऊ नका. दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह त्या संगणकाला लागतात, कोण मोजणार? एकाचा व्हायरस सगळ्यांच्या घरी जातो.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते. डबे, पुड्या, पूजा काहीही करा, एकुलती एक प्रत कधीतरी जाणारच. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो, म्हणून ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्याकडून लग्न हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि दुसरी प्रत किन्हवलीबाहेर, कल्याण-ठाण्याच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. पेन ड्राइव्हमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला की तो भार हळूहळू गळतो. दिवाळीला सगळे घरी जमतात, तेव्हा पेन ड्राइव्ह जोडा आणि दोन-चार फाइल उघडून बघा. एखादी उघडली नाही, तर त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नवी करून घ्या.