पार्सलमागे किती मिळतात?

मुरुड, नांदगाव, बोर्ली या पट्ट्यात पार्सल पोचवण्याचं काम धरणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो हाच: पार्सलमागे किती मिळतात? या कामाचा जेवढा विचार मी केला आहे त्यावरून सांगतो, हा प्रश्न अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा न विचारल्यामुळे पुढे पस्तावायची वेळ येते. उरलेला अर्धा असा: पार्सल पोचलं नाही, तर त्या फेरीचं पेट्रोल कोणाचं? मोबाइलच्या कव्हरचं एक साधं पाकीट घ्या. शंभर ग्रॅमसुद्धा वजन नाही. पत्त्यात घर नंबर नाही, ‘देवळाच्या मागे’ एवढंच. गाडी डांबरी रस्त्यावर लावायची, पाखाडी चढून वर जायचं. वर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे ओटीपी येत नाही. ज्याच्या नावाचं पार्सल तो रोह्याला गेलेला, आणि घरातली आजी म्हणते, बाबा, उद्या ये. हा अर्धा तास जमेच्या बाजूला कुठेच दिसत नाही. पगारावर असलेल्या माणसाचा तो अर्धा तास कामातच धरला जातो. दरावर काम करणाऱ्याचा तो कुणाच्या खात्यात नसतो. संघटित आणि कंत्राटी कामातला खरा फरक मला इथे दिसतो. दर चार रुपयांनी कमी की जास्त, ही त्याच्या पुढची गोष्ट.

हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. दिवसाला 60 पार्सलं, दर 14 रुपये; डोक्यात बसतो तो आकडा 840 चा. साठातली बारा परत आली, राहिली 48, त्यांचे झाले 672. गावं, वाड्या आणि पुन्हा नाका अशी गाडी 90 किलोमीटर फिरली; लिटरला 45 चं ॲव्हरेज धरलं तर दोन लिटर पेट्रोल, लिटरला 104 रुपये धरले तर 208. टायर, चेन, ऑइल, ब्रेक यांच्यासाठी किलोमीटरमागे एक रुपया बाजूला काढला तर आणखी 90. हातात उरले 374. सकाळी आठला टेम्पोतून माल उतरवून घेण्यापासून संध्याकाळी सहाला रोकड भरेपर्यंत दहा तास गेले, म्हणजे तासाला सदतीस रुपये. ठाण्या-पनवेलला एकाच सोसायटीच्या गेटवर वीस पार्सलं उतरतात, तिथे चौदाचा दर वेगळा पडतो. तोच दर साळावपासून आगरदांड्यापर्यंतच्या लांबलचक, विरळ वस्तीला लावला की मधल्या मोकळ्या रस्त्याचा खर्च गुपचूप पोचवणाऱ्याच्या अंगावर येतो. रोकडीत पन्नास-शंभर कमी भरले तर तेही त्याच्याच पेआउटमधून कापले जातात.

याच रस्त्याने, तसाच माल घेऊन आणखी दोन माणसं जातात आणि तुलना करायची तर त्यांच्याशीच केली पाहिजे. एक पोस्टमन. सातव्या वेतन आयोगात तो तिसऱ्या स्तरात बसतो, मूळ पगार 21,700 पासून, वर महागाई भत्ता, भरपगारी रजा. दुसरा ग्रामीण डाकसेवक. हा पुरता सरकारी नोकर नाही. गावच्या शाखा डाकघरात दिवसाला चार-पाच तासांचं काम, सहायक शाखा डाकपालाला चार तासांचे 10,000 पासून आणि त्यावर महागाई भत्ता, वर्षाला वीस दिवसांची रजा. तिसरा आपला पार्सलवाला, ठेकेदाराचा किंवा ॲपचा. यातला मधला माणूस मला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यालाही एके काळी ‘खात्याबाहेरचा’च म्हणत. 1977 मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की हे खात्याबाहेरचे सेवकही नागरी पदच धारण करतात, त्यामुळे मनाला येईल तसं त्यांना घरी बसवता येणार नाही. कमलेश चंद्र समितीने 2016 मध्ये दिलेला वेतनवाढीचा अहवाल पडून होता. तेव्हा 22 मे 2018 पासून देशभरचे डाकसेवक संपावर गेले आणि 6 जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या वेतनाला मंजुरी दिली. आठ तासांचं काम आणि पेन्शन या त्यांच्या मागण्या पूर्ण झालेल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण अर्धवट नोकरीतल्या, गावोगाव एकेकटे विखुरलेल्या माणसांनाही एकत्र येता येतं आणि त्याने आकडा हलतो, याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही.

पावसाळ्यात हा फरक उघडा पडतो. जुलै 2021 मध्ये अतिवृष्टीत काशीदजवळचा पूल कोसळला आणि अलिबाग-मुरुड रस्ता तुटला. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरची माडा-पोफळीची आगरं झोपवली होती. अशा दिवसांत पोस्टमनचा पगार चालू राहतो. पार्सलमागे पैसे घेणाऱ्याचा दिवस शून्यावर जातो. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पर्यटकही तुरळक. म्हणजे घरात पैशाची निकड सर्वांत जास्त आणि रस्ता सर्वांत बेभरवशाचा, हे दोन्ही एकाच वेळी येतं. त्या दोन महिन्यांत माणूस नको तेवढा धोका पत्करतो तो स्वभावाने नव्हे. पैसे पार्सल मोजून मिळतात म्हणून तो तसं वागतो.

कामाच्या सवयींबद्दल जे बोललं जातं, तेही मी याच अंगाने बघतो. चालत्या गाडीवर हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणारा, ‘नाक्यावर येऊन घेऊन जा’ म्हणणारा, घरी न जाताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारणारा डिलिव्हरीवाला लोकांच्या शिव्या खातो. शेरा खोटा असेल तर तो चुकीचाच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण वर पाखाडी चढण्याचे पैसे नाहीत आणि खाली थांबण्याचेही नाहीत, तेव्हा न चढण्याकडेच ओढ राहणार. उलट बाजूला लोक म्हणतात, युनियन आली की माणूस सुस्तावतो, टपाल आठवडाभर पडून राहतं. असं घडतंही, आणि त्याचं समर्थन कोणत्याही संघटनेने करू नये. मात्र पक्का पगार म्हणजे ढिलं काम, हे समीकरण जगातल्या सर्वांत मोठ्या पार्सल कंपन्यांपैकी एकीने खोटं ठरवलं आहे. अमेरिकेतल्या यूपीएसचे चालक टीमस्टर्स या संघटनेचे सभासद आहेत. 1997 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सुमारे 1,85,000 कामगारांनी पंधरा दिवसांचा संप केला तो अर्धवेळ कामाऐवजी पूर्णवेळ नोकऱ्यांसाठी. 2023 च्या करारात चालकाचा कमाल सरासरी दर ताशी 49 डॉलरपर्यंत नेण्याचं ठरलं. याच कंपनीत कोणत्या चौकात वळायचं, समोरून येणारी वाहनं ओलांडायला लावणारं डावं वळण कसं टाळायचं, इथपर्यंत काम आखून दिलेलं असतं. तास पैशाने मोजला जातो म्हणून कंपनीही तो वाया जाऊ देत नाही. फुकटचा तास असला की तो वाचवायची गरज मालकाला वाटत नाही. अपुरा पत्ता, चुकीचा पिन, न उचललेला फोन, सगळं पोचवणाऱ्याने निस्तरायचं.

आक्षेप येतात, ते ऐकून घ्यावेत असेच आहेत. पहिला स्वातंत्र्याचा: सकाळी वाडीतलं काम, दुपारी पार्सलं, मोसमात पर्यटकांच्या खोल्या बघायच्या, असं चार ठिकाणी पाय ठेवून जगणाऱ्याला बांधलेली नोकरी नकोच असते. ज्याचं खरंच दुसरं उत्पन्न आहे, त्याला दरावरचं काम सोयीचं आहे, हे मी मान्य करतो. पण त्याने एक कसोटी लावून पाहावी: आज राजपुरीची पाच पार्सलं नको, असं म्हणता येतं का? म्हटलं तर उद्या रूट कमी होतो का, आयडी ब्लॉक होतो का? नकार देता येत नसेल, तर काम नोकरीचंच आहे, फक्त नोकरीचे हक्क वजा झालेले आहेत. दुसरा आक्षेप, खर्च वाढला तर कंपन्या मुरुडकडे माल पाठवणंच बंद करतील. अंतराचा खर्च आजही होतोच, तो देणारा फक्त बदललेला आहे. ग्राहकाकडून लांबच्या गावासाठी दहा रुपये जादा घेतले तर तो कुरकुरेल, पण हिशेब उघड्यावर येईल. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि हजारोंना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही; कोकणातल्या घराघरांत ती जखम आहे. त्यातून मी घेतो तो धडा एवढाच, की काय मिळालं म्हणजे थांबायचं, हे संघटनेला आधीच ठरवता आलं पाहिजे. एकेकट्याने ठेकेदाराशी बोलावं, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आपल्याकडे याहून शहाणा एक नमुना आहे आणि तो ओझं उचलणाऱ्यांनीच घडवला आहे. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या गाडीवर. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने या कायद्याखालच्या मंडळाकडे भरायची. मंडळ कामगाराला पैसे देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस, औषधपाणी बघतं. मालक अनेक असले तरी कामगाराचं खातं एकच राहतं. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्यांनी या कायद्याला बट्टा लावला आहे आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा, पण रचना चोख आहे. राजस्थानने 2023 मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी मंडळाचा कायदा केला तो याच धर्तीवर. केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत, निधी द्यावा अशी तरतूद आहे.

म्हणून काम धरण्यापूर्वी आपण कोण आहोत ते कागदावर बघून घ्या. ॲपशी थेट करार असेल तर तुम्ही या संहितेतले गिग कामगार. ई-श्रम पोर्टलवर नोंद करून ठेवा. ठेकेदार पैसे देत असेल तर गोष्ट वेगळी. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, पण त्या कायद्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या नव्या संहितेत कंत्राटी कामगारांची ही कलमं पन्नास माणसांपासून पुढे लागतात. आठ मुलं घेऊन काम करणारा तालुक्याचा ठेकेदार त्यातून निसटू शकतो, तेव्हा पैसे रोखीत न घेता बँकेतच घ्या आणि महिन्याचा हिशेब लेखी मागा. गाडीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असं बारीक अक्षरातलं कलम असतं. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. पाठीवर पार्सलांची पिशवी असताना गाडी घसरली, तर दुरुस्तीचा दावा नाकारायला तेवढी ओळ पुरते. व्यावसायिक वापर धरणारी पॉलिसी महाग पडते. तो फरक कोण भरणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. कामावर अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, हेही तेव्हाच विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

आणि एक वही ठेवा. तारीख, घेतलेली पार्सलं, पोचलेली, परत आलेली आणि का परत आली, गाडीचं किलोमीटर रीडिंग, पेट्रोल, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, एवढे रकाने पुरेत. संघटनेच्या नोंदणीचा अर्ज करायला किमान सात जण लागतात. मुरुडात एका टेम्पोवर तेवढे नसले तर रेवदंडा, रोहा, म्हसळा धरून होतात. पुढची सभासदसंख्या जमवायला वेळ लागेल, पण सात जणांच्या महिनाभराच्या वह्या समोर असल्या, तर ‘परवडत नाही’ एवढंच म्हणत बसावं लागत नाही. पहिली मागणी दरवाढीची ठेवू नका. न पोचलेल्या पार्सलच्या खऱ्या फेरीला अर्धा दर द्या, एवढीच ठेवा. फेरी खरी होती हे वहीतलं रीडिंग दाखवील. वरच्याच उदाहरणात बारा परत आलेल्या पार्सलांचे सात-सात रुपये धरले तर दिवसाला 84 होतात, आणि 26 दिवसांच्या महिन्याचे 2,184.