गुच्छी आणि आपल्या रानातील अळिंबी

आषाढातील सरी ओसरून एक-दोन दिवस ऊन पडले की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड, सोयगाव, खुलताबाद या डोंगराळ तालुक्यांत बांधांवर, गवतात आणि वारुळांच्या कडेला पांढरट छत्र्या वर येतात. मुले त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात व पायाने उडवून लावतात. जाणती माणसे त्यांतील मोजक्याच निवडून घरी नेतात. या निवडीमागे पिढ्यांचे ज्ञान असते. मात्र ते ज्या रानात जमले त्या रानापुरतेच खरे असते. किलोमागे हजारो रुपये मिळवून देणाऱ्या गुच्छीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

गुच्छी हे मॉर्केला या प्रजातीतील कवक होय. तिला छत्री नसतेच. पोकळ देठावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खळगेदार, निमुळती टोपी असते. काळ्या गुच्छीच्या टोपीवरील उभ्या कडा वाढीबरोबर काळवंडत जातात. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील देवदार आणि फरच्या वनांत, बर्फ वितळल्यानंतर, साधारणपणे मार्च ते मे या काळात ती उगवते. पहाडी गावांतील स्त्री-पुरुष दिवसदिवस रान धुंडाळून ती गोळा करतात व दोऱ्यात ओवून वाळवितात. दहा किलो ओल्या गुच्छीची वाळून जेमतेम एक किलो भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या किमतीचे फारसे नवल वाटत नाही. वणवा लागून गेलेल्या जमिनीत काळ्या गुच्छीचे काही प्रकार पुढील वसंतात विपुल येतात. या लोभापायी मुद्दाम रान पेटविणे म्हणजे मूठभर पिकासाठी सबंध वन गमावणे होय.

कृत्रिम लागवडीचे प्रयत्नही जुने आहेत. अमेरिकेत 1982 साली रोनाल्ड ओवर यांनी बंदिस्त जागेत गुच्छी वाढविल्याचे प्रसिद्ध केले. अलीकडच्या काळात चीनमध्ये तिची शेतात मोठ्या प्रमाणावर लागवड होऊ लागली आहे.

मराठवाड्याच्या जमिनीत उन्हाळ्यापूर्वी तशी थंड ओल नसते. म्हैसमाळच्या माथ्यावरही बर्फ पडत नाही. गौताळ्याच्या रानात चैत्र-वैशाखात गुच्छीचा शोध घेणे त्यामुळे व्यर्थच आहे.

जेथे गुच्छी उगवते तेथेही ती निर्धोक नाही. जायरोमिट्रा नावाचे मेंदूसारख्या वळ्यांचे एक विषारी कवक तिच्यासारखे भासते. खरी गुच्छी उभी चिरली असता देठापासून टोपीच्या टोकापर्यंत एकसंध पोकळ दिसते. पण खरी गुच्छीही कच्ची खाऊ नये. 2023 च्या वसंतात अमेरिकेतील माँटाना राज्यातील बोझमन येथे एका उपाहारगृहात गुच्छी खाल्लेले 51 जण आजारी पडले व त्यांपैकी दोघे दगावले. ती गुच्छी खरी होती, रानातून आणलेली नव्हती, तर लागवडीची होती. कच्ची खाल्लेल्यांत आजाराचे प्रमाण अधिक आढळले. हिमालयातील गृहिणी ती वाळवून, पुन्हा भिजवून, पुलावात किंवा रश्श्यात चांगली शिजविते. या रीतीला केवळ चवीचा भाग समजणे चूक ठरेल.

आपल्याकडील मानाची रानअळिंबी वेगळीच आहे. ती टर्मिटोमायसेस या प्रजातीची. रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. विदर्भात सात्या, गोव्याकडे रोवणाची अळंबी अशी तिची नावे आहेत. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या पालापाचोळ्याचे मऊ, छिद्रमय थर रचते आणि त्यांवर हे कवक जोपासते. वाळवीचे अन्न त्यातून तयार होते. पावसाळ्यात त्याच थरांतून मुळासारखा लांब देठ माती भेदून वर येतो व छत्री उघडते. वाळवी माणसाच्या कितीतरी आधीची शेतकरी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

ओळख पटविण्यासाठी एखादी अळिंबी हळुवार खणून हा लांब देठ पाहावा. बाकीच्या जमिनीलगत कापाव्यात. सबंध वारूळ उकरले तर पुढील वर्षीचे पीक नाहीसे होते. गौताळा औट्रम घाट अभयारण्यातून मात्र काहीही आणू नये.

खरा धोका गवतात आहे. क्लोरोफायलम नावाची मोठी, पांढरी, खवलेदार छत्री बागांत व गायरानांत याच दिवसांत उगवते. कोवळेपणी तिच्या छत्रीखालील पडदे पांढरे असतात, पुढे हिरवट होतात. ती खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. छत्री कापून पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर बीजाणूंचा ठसा उमटतो. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट, वारुळाच्या अळिंबीचा फिकट गुलाबी. गुलाबी ठसा म्हणजे परवाना नव्हे, कारण गुलाबी बीजाणूंची काही विषारी कवकेही आहेत.

भांड्यात चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण रंग बदलतो का, किडे तिला शिवतात का, या सर्व पारख निरर्थक आहेत. सर्वांत घातक अळिंबीही त्यांतून निर्दोष सुटते. आसामात एप्रिल 2022 मध्ये रानअळिंबी खाऊन 13 जण मृत्युमुखी पडले. ज्यांना भाजीची हौस आहे पण ओळखीची खात्री नाही, त्यांच्यासाठी सोयाबीन किंवा गव्हाच्या काडावर घरच्या घरी येणारी धिंगरी आहेच.

यकृतावर आघात करणाऱ्या विषाची लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसतात. मध्यंतरी उलट्या थांबून रोग्यास बरे वाटू लागते, आणि घरचे लोक फसतात ते येथेच. रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व सोबत उरलेली भाजी आणि न शिजविलेली एखादी छत्री कागदात गुंडाळून न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लवकर कुजते, आणि मग ती कोणती होती हे डॉक्टरांना सांगणे कठीण होते.