ट्रोपोनिनची मर्यादा आपल्याला लागू पडते का?

प्रश्न : वडिलांच्या छातीत दुखलं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ‘नॉर्मल’ आलं. पण ही मर्यादा गोऱ्या लोकांवरून ठरवली आहे ना? – एक वाचक, भोपाळ

उत्तर : शंका रास्त आहे, या मर्यादा बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या निरोगी लोकांवरून ठरल्या. पण वय, मूत्रपिंडविकार, स्त्री-पुरुष भेद यांनीही आकडा बदलतो. एका प्रचलित चाचणीत मर्यादा पुरुषांना ३४, स्त्रियांना १६ नॅनोग्रॅम प्रतिलिटर आहे. आपल्याला जास्त जपायचं ते वेगळ्याच कारणाने : हृदयविकारावरच्या ‘इंटरहार्ट’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी आला, इतरांना ५९व्या. त्यामुळे ‘वय कमी आहे, गॅस असेल’ हे मला मुळीच मान्य नाही. दुखू लागताच घेतलेल्या एकाच नमुन्यावर विसंबू नका. एक ते तीन तासांनी दुसरा नमुना आणि ईसीजी हवाच. पुन्हा दुखलं तर १०८ला फोन करून हमीदिया रुग्णालय किंवा एम्स गाठा.