उतारवयातील पाठ आणि मणक्यांना दिलेला झटका

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. हाडवैद्याचा किंवा कायरोप्रॅक्टरचा झटका याहून कितीतरी जोरकस असतो. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे केली. झटक्याबरोबर ‘कट्ट’ आवाज आला की सरकलेला मणका जागेवर बसला, असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात तो सांध्यातील वंगणात वायूची पोकळी तयार झाल्याचा आवाज असतो. बोटे मोडताना येतो तोच. नव्या कंबरदुखीत या उपचाराने थोडा आराम पडू शकतो. उतारवयात मात्र आधी हाड किती भक्कम आहे, हे पाहावे लागते.

प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत नेमके तेच राहून गेले. वय ६८, दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या. ज्या फळीवरचा डबा पूर्वी सहज हाती येई, त्यासाठी टाचा उचलाव्या लागत होत्या. उंची घटल्याची ही खूण कोणाच्या ध्यानात आली नाही. उपचारकाने काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पालथे झोपवून पाठीवर दोन्ही तळव्यांचा दाब पडला, आवाजही आला. त्या रात्री कूस बदलता येईना. चार दिवसांनी एक्स-रेमध्ये पाठीचा बारावा मणका पुढून चेपून पाचरीसारखा झालेला दिसला. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ निघाला, उणे २.५ किंवा त्याहून कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मणका झटक्याने चेपला की आधीच चेपलेल्या मणक्यावर झटका बसला, हे नंतर ठरवता आले नाही. दोन्ही परिस्थितींत झटका नकोच होता.

म्हणून ज्येष्ठांनी पाठीला हात लावू देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि हाडांची घनता तपासून घ्यावी. स्टेरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी झालेला कर्करोग, किरकोळ पडण्याने मोडलेले मनगट, हे न विचारताही सांगावे. मानेला झटका घेऊच नये; विरळा का होईना, मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. लघवी अडणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायांतील ताकद जाणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एरवी शेक, झेपेल तितके चालणे आणि फिजिओथेरपिस्टने झटक्याविना करून घेतलेले व्यायाम यांनी बऱ्याच जणांचे दुखणे काही आठवड्यांत उतरते.