सगळे रकाने हिरवे होते

प्रोजेक्ट मॅनेजर ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या पैशांत पुरं करून देतो. प्रोग्रॅम मॅनेजरकडे एकमेकांत गुंतलेले अनेक प्रोजेक्ट असतात आणि त्या सगळ्यांतून मिळून जो फायदा व्हायचा, तो झाला की नाही याचा जाब त्याला द्यावा लागतो. प्रोग्रॅम म्हणजे मोठा प्रोजेक्ट, हा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, डोंगर फोडत रोह्यापासून ठोकूरपर्यंत मार्ग गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्ण खुला झाला. काम अवाढव्य, तरी स्वरूपाने प्रोजेक्टच : गाडी धावू लागली की बांधणी संपली.

भारतातल्या दुग्धविकासाचा 'ऑपरेशन फ्लड' मात्र खरा प्रोग्रॅम. १९७० ते १९९६ अशी सव्वीस वर्षं, तीन टप्प्यांत तो चालला. गावोगावच्या दूध संस्था, प्रक्रिया केंद्रं, वाहतूक, महानगरांतली विक्री ही कामं वेगवेगळी होती, पण एक अडलं की दुसरं खोळंबायचं. युरोपातून मदत म्हणून आलेली भुकटी आणि बटर ऑइल यांपासून दूध तयार करून शहरांत विकायचं आणि त्या पैशांतून डेअऱ्या उभ्या करायच्या, अशी योजना होती. हे दूध फार स्वस्त विकलं असतं, तर ज्या शेतकऱ्यासाठी एवढा खटाटोप, त्याच्याच दुधाचा भाव पडला असता. हा तोल कुठल्याही एका डेअरीच्या आराखड्यात दिसत नाही. तो सांभाळणं हे प्रोग्रॅमचं काम.

प्रस्तुत लेखिकेला हा फरक उशिरा कळला. एका बँकेच्या शाखा नव्या कोअर बँकिंग प्रणालीवर न्यायच्या होत्या आणि प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून तिची ती पहिलीच जबाबदारी होती. सॉफ्टवेअर, शाखांची जोडणी, खात्यांच्या माहितीची सफाई आणि पासबुक छपाई असे चार प्रोजेक्ट. जुन्या सवयीने ती चौघांच्या तारखांमागे लागली. दर शुक्रवारी रिपोर्टमधले चारही रकाने हिरवे असत. सफाईच्या टीमने दरम्यान खाते क्रमांक लांब केले, छपाईची चाचणी मात्र जुन्या क्रमांकांवरच झाली. गो-लाइव्हनंतरच्या सोमवारी पासबुकावर क्रमांकाचे शेवटचे आकडे उमटेनात. पेन्शनचे दिवस होते. वयस्कर माणसं पासबुक हातात धरून दुपारपर्यंत काउंटरसमोर ताटकळली. चारही प्रोजेक्ट मॅनेजरांनी आपापलं काम चोख केलं होतं. सांधा निखळला होता, आणि सांधा सांभाळणं हे लेखिकेचं काम होतं.

म्हणून नव्या प्रोग्रॅम मॅनेजरने आधी डिपेंडन्सींची यादी करावी : कोण कोणाला काय देणार, कधी, आणि ते बदललं तर कोणी कोणाला कळवायचं. प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव हवं. दोन नावं लिहिली की ते काम कोणाचंच राहत नाही. एका प्रोजेक्टमधली चेंज रिक्वेस्ट मंजूर करण्याआधी उरलेल्यांना ती दाखवावी. प्रोजेक्ट मॅनेजरच्या रोजच्या कामात नाक खुपसू नये. त्याला ते जाचतं, आणि सांध्यांकडे बघायला वेळ उरत नाही. वेळेवर चाललेला प्रोजेक्टही कधी मुद्दाम थांबवावा लागतो. हे सांगायला सगळ्यात जड जातं, आणि त्यासाठी स्टीअरिंग कमिटीचा पाठिंबा आधीच मिळवून ठेवावा.

पदनामावर विसंबू नये. अनेक कंपन्यांत ज्येष्ठ प्रोजेक्ट मॅनेजरलाच प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतात. मुलाखतीतच विचारावं : काम वेळेत संपलं पण फायदा झाला नाही, तर उत्तर कोण देणार?

शेवटचा प्रोजेक्ट बंद झाला तरी प्रोग्रॅम लगेच संपत नाही. त्या बँकेत क्रमांकांची दुरुस्ती झाल्यावरही काही आठवडे एक माणूस घड्याळ घेऊन काउंटरपाशी बसवला होता. पासबुक भरून मिळायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो का, हे तो रोज टिपून ठेवत होता.