बातम्यांची गर्दी आणि श्वासाचा अभ्यास



आज घरोघरी मोबाईल आहे. पहाटे डोळा उघडताच कुठे बहिष्कार, कुठे मारहाण, कुठे रखडलेली भरती अशा बातम्या येऊन आदळतात. खरे-खोटे कळण्यापूर्वीच छाती धडधडते, घशाला कोरड पडते, घास गिळवत नाही. असे का होते, ते समजून घ्या.

आपल्या इच्छेवाचून काम करणाऱ्या मज्जातंतूंच्या दोन शाखा शरीरात आहेत. एक शाखा संकटात लढण्यास वा पळण्यास सज्ज करते. दुसरी पुन्हा शांत करते. समोर आलेला साप निघून जातो, पण बातम्या थांबत नाहीत. म्हणून पहिली शाखा दिवसभर जागी राहते आणि शरीर थकते.

शांत करणाऱ्या शाखेचा मुख्य तंतू मेंदूपासून हृदयापर्यंत व पुढे जठरापर्यंत जातो. तो उत्तेजित झाला की एक द्रव्य सुटते आणि हृदयाची गती मंदावते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले. १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. श्वास सोडताना या तंतूचा प्रभाव वाढतो व नाडी किंचित संथ होते.

आता आपल्या धम्माकडे वळू. मज्झिम निकायातील आनापानसती सुत्तात श्वासाच्या अभ्यासाच्या सोळा पायऱ्या आहेत. आरंभी एवढेच करायचे : श्वास दीर्घ असेल तर दीर्घ म्हणून जाणायचा, आखूड असेल तर आखूड म्हणून. ओढाताण करायची नाही. लक्ष स्थिरावले की श्वास बहुधा आपोआप संथ होतो. यात मंत्र नाही, गंडादोरा नाही. कालामांना तथागतांनी सांगितले तसे स्वतः पारखून पाहा.

कोणी विचारील, शांत बसणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे काय? मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संतप्त अनुयायांना आवरले. पण हक्क सोडला नाही. तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत लढवला. संतापाने हात उगारला जातो; दीर्घ लढ्याला स्थिर मन लागते.

येत्या पंधरवड्याचा अभ्यास :

१. सकाळी वंदनेपूर्वी मोबाईल हाती घेऊ नका.

२. घरातील सर्वांनी दहा मिनिटे बसून श्वास पाहावा. आधी व नंतर एक मिनिट नाडी मोजून वहीत लिहावी.

३. संताप आणणारा संदेश आला तर दहा श्वास पाहा, खरेपणा तपासा. मगच पुढे पाठवा किंवा कृती ठरवा.

झोप अनेक दिवस उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ या अभ्यासावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. १४४१६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आजाराची लाज बाळगू नये.

जयभीम.